बेंगलोरच्या सोलर प्रदर्शनाला जाऊन साईट इंजिनिअरला खरंच काय मिळतंय?

उद्यमबागचा_वायरवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका लहान ईपीसी कंपनीत, म्हणजे डिझाइनपासून माल आणून बसवून देण्यापर्यंत सगळं करणाऱ्या, साईट इंजिनिअर आहे, इलेक्ट्रिकल, आधी डिप्लोमा मग व्हीटीयू विद्यापीठाची बीई. काम म्हणजे रूफटॉप, छतावर सोलर बसवायचं, जास्त करून फाउंड्री आणि मशीन शॉपचे शेड, अधेमधे टिळकवाडी-शहापूरकडची घरं. पुढच्या महिन्यात बेंगलोरला तुमकूर रोडच्या बीआयईसी प्रदर्शन केंद्रात रिन्यूएबलचं, म्हणजे सोलर-विंडचं प्रदर्शन आहे, मालक म्हणाले रजा घे, खरं खर्च तुझा तू बघ.

आता मला कळेना झालंय की माझ्यासारख्यानं तिथं जाऊन करायचं काय. आमच्यातला एक जण मागं जाऊन आला, पिशवीभर कॅटलॉग, पेनं आणि एक टोपी घेऊन आला आणि म्हणाला लई भारी होतं, काय भारी होतं विचारलं तर सांगता येईना. सगळे नेटवर्किंग नेटवर्किंग म्हणालेत, म्हणजे अनोळखी माणसापुढं जाऊन उभं राहायचं आणि इंग्रजीत आपलं नाव सांगायचं एवढंच असेल तर माझा इथंच घसा कोरडा पडालाय. मराठी आपली, कन्नड साईटवर चालतंय तेवढं येतंय, हिंदी मोडकी, इंग्रजी वाचतो खरं बोलायला जीभ वळत नाही. आणि कार्डावर कंपनीचं नाव वाचून कोण ओळखणार, बेळगावच्या बाहेर आम्हाला कोण विचारतंय.

प्रश्न असे आहेत. जाऊ की तेच पैसे पीव्हीसिस्टच्या, म्हणजे सोलर डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या कोर्सला घालू? हॉलमध्ये एंट्री फुकट आहे, आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं, खरं कॉन्फरन्सचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, ते घ्यायचं काय? बायोडेटाच्या कॉप्या काढून नेऊ काय? जे खरंच जाऊन आलेत त्यांनी सांगा, युट्यूबवरचं ज्ञान नको.

---

पवनचक्कीवाली_गदग

मी मूळ शहापूरचीच, सध्या गदगकडं विंड ओ अँड एम मध्ये, म्हणजे पवनचक्क्यांच्या देखभालीत काम करालेय. जा तू. बायोडेटा मात्र घरी ठेव. स्टॉलवर जो कोट घालून पुढं उभा असतोय तो मार्केटिंगचा असतोय, त्याला तुझ्या बायोडेटाचं काय करायचं ते माहीत नसतंय, तो घेतोय, टेबलाच्या खाली ठेवतोय आणि संध्याकाळी स्टॉल आवरताना तो कागद कुठं जातोय ते तुला सांगायला नको.

तुला गाठायचा माणूस मागं खुर्चीवर बसलेला असतोय, साधा शर्ट, मोबाईल बघत, कंटाळलेला. तो अप्लिकेशन इंजिनिअर नाहीतर सर्व्हिसचा. पुढच्याला सरळ विचारायचं, सर्व्हिसचं कोण आहे काय, साईटवर एक प्रॉब्लेम आलाय त्याचं विचारायचंय. एवढं म्हटलं की मागच्याला बोलवतात कारण पुढच्याला उत्तर येत नसतंय. आणि प्रॉब्लेम खरा पाहिजे, फोटोसकट. तुमच्याकडं काय कमी आहे सांग बघू? फाउंड्रीच्या शेडवर वाळूची आणि काजळीची बारीक राख बसते, पावसानं धुतली जात नाही, पॅनलच्या खालच्या काठाला थर धरून राहते. रविवारी कारखाना बंद, लोड नाही, सगळी वीज लाईनवर जाते, व्होल्टेज चढतंय आणि इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजनं ट्रिप होतोय, सोमवारी मालक ओरडतोय की काल जनरेशन का कमी. हे सगळं तुझ्या मोबाईलमध्ये आहे की नाही? स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये घाल, मॉडेल नंबर, फॉल्ट कोड, तारीख दिसेल असे. मग बघ तो माणूस खुर्ची सोडून उठतोय की नाही. तो पहिलं विचारणार इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत केबल किती लांब आणि किती स्क्वेअरची, म्हणजे किती जाड, तेवढं इथनंच मोजून जा, नाहीतर तिथं अं अं करत बसशील.

तुझं नाव तो विसरणार, फॉल्ट कोड विसरणार नाही. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो पाठवायचा आणि एक ओळ लिहायची, आज दुपारी तुमच्या स्टॉलवर हे विचारलेलं तो बेळगावचा मी. झालं तुझं नेटवर्किंग.

भाषेचं उगीच डोक्यात घेतलायस. बेंगलोरच्या कंपन्यांत सर्व्हिसला धारवाड, बागलकोट, दावणगेरेकडची पोरं मला कायम भेटतात, उत्तर कर्नाटकातला आहे म्हटल्यावर आपलेपणानं बोलतात, तुझं साईटवरचं कन्नड तिथं बास होतंय. इंग्रजी लागलंच तर स्ट्रिंग, ट्रिप, अर्थिंग, मिसमॅच हे शब्द तसेही इंग्रजीच आहेत.

दिवसाचं म्हणशील तर पहिल्या दिवशी उद्घाटन, मोठी माणसं, फोटो यातच अर्धा दिवस जातोय. शेवटच्या दिवशी दुपारनंतर आवराआवर. मधल्या दिवशी दार उघडल्या उघडल्या जा, तेव्हा बोलायला माणसं मोकळी असतात.

---

निपाणी_ते_कागल

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. प्रदर्शनात मिळतंय काय तर डीलरशिपच्या ऑफर. दारातच बॅज स्कॅन करतात, मग वर्षभर फोन चालू, सर एक कंटेनर घ्या, सर टार्गेट घ्या. एका सप्लायरनं स्टॉलवर तोंड भरून सांगितलं की कोल्हापुरात स्टॉक आहे, माल पोचायला पावसाळा उजाडला, आणि पावसाळ्यात पत्र्यावर कोण चढणार. त्यापेक्षा कोल्हापूर नाहीतर हुबळीतल्या डिस्ट्रिब्युटरची मीटिंग होत असते तिथं जा, जेवण पण बरं असतंय.

आणि धंदा कुठं आहे तेही बघा की. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती आहे, 200 युनिटपर्यंत घरची वीज फुकट, मग घरवाला सोलर कशाला लावतोय. केंद्राची सूर्यघर सबसिडी आहे, 1 किलोवॅटला 30 हजार, 3 किलोवॅटला 78 हजार, तरी आमच्या निपाणीत माणूस म्हणतोय बिलच येईना तर पॅनल काय पूजा करायला लावू. तेच हद्द ओलांडून कागलला गेलं की महावितरणचं बिल हातात घेऊन लोक स्वतःहून फोन करतात. मी दोन्हीकडं काम करतो, हेस्कॉमची, म्हणजे इकडच्या वीज कंपनीची कागदं वेगळी, महावितरणची वेगळी, नेट मीटरचा अर्ज वेगळा, तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या सवयी वेगळ्या, इकडं कन्नडमधून पत्र द्या तिकडं मराठीतून, डोक्याचा भुगा होतोय. हे कुठल्या प्रदर्शनात शिकवत नाहीत.

---

पवनचक्कीवाली_गदग

निपाणीकर, तुम्ही वैतागून जे लिहिलंय तेच तर त्यानं स्टॉलवर बोलायचं! बेंगलोरच्या कंपनीला महाराष्ट्रात शिरायचं असतंय, पुण्याच्या कंपनीला कर्नाटकात. दोन्हीकडची कागदं, दोन्ही भाषा आणि दोन्हीकडचे लाईनमन माहीत असलेला इंजिनिअर त्यांना बेंगलोरात सापडत नाही, पुण्यातही सापडत नाही. तो फक्त आपल्या पट्ट्यात सापडतोय, निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर. आणि आपणच म्हणत बसतोय आम्हाला कोण ओळखणार.

डीलरशिपच्या फोनचं मात्र शंभर टक्के खरं. नाव नोंदवताना दुसरा नंबर द्यायचा.

---

अथणीचा_टर्बाइन

चर्चा वाचून लिहावंसं वाटलं. मी साखर कारखान्यात, कोजनरेशनला, बगॅसवर, उसाच्या चिपाडावर बॉयलर चालतो त्यावर टर्बाइन आणि उरलेली वीज ग्रीडला. आमचाही धंदा रिन्यूएबलच, खरं सोलरवाली पोरं आम्हाला धरत नाहीत, असो. हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत आम्हाला घरी तोंड दाखवायला वेळ नसतो, त्यामुळं प्रदर्शन, ट्रेनिंग काय ते ऑफ सीझनमध्ये.

बाळ, तू कोर्स की प्रदर्शन असं विचारलंस. पीव्हीसिस्ट तू घरी बसून शिकशील, त्याला बेंगलोर लागत नाही. माणसं मात्र घरी बसून भेटत नाहीत. एका प्रदर्शनात मला गव्हर्नरच्या, म्हणजे टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या सर्व्हिसचा एक माणूस भेटलेला, तासभर बोललो, मी खरेदी काहीच केली नाही आणि त्यालाही ते माहीत होतं. पुढं ऐन हंगामात रात्री आमच्या टर्बाइनचा गव्हर्नर हंटिंग करायला लागला, लोड वर-खाली, वर-खाली, ऊस गव्हाणीत पडून, शिफ्टमधले सगळे माझ्या तोंडाकडं बघालेत. कंपनीच्या हेल्पलाईनवर गाणं वाजत होतं. त्या माणसाला फोन लावला, झोपेतून उठून त्यानं एकच विचारलं, तेल बघितलंत काय. तेलात पाणी उतरलेलं, ग्लँडची वाफ आत जात होती. सकाळपर्यंत तेल सेंट्रिफ्यूजवर घालून गाडी रुळावर आली. आता तो दुसऱ्या कंपनीत आहे, तरी दिवाळीला फोन असतो.

कॉन्फरन्सचं तिकीट स्वतःच्या खिशातून अजिबात घेऊ नकोस. तिथं पॉलिसीवर बोलणं असतं, मंत्रालय, बँकवाले, मोठ्या प्लांटचे मालक, त्यांना ते लागतं. हॉलमध्ये कोपऱ्यात कंपन्यांची छोटी टेक्निकल सेशन चालतात ती बहुतेक फुकट असतात, तिथं बस. पुढच्या रांगेत बस. बोलणाऱ्याचं संपल्यावर हात वर करून प्रश्न विचारायचं धाडस नसेल तर राहू दे, तो खाली उतरला की तिथंच गाठ आणि विचार.

आणि शिक्षणाचंच म्हणत असशील तर बीईईची, केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेची, एनर्जी मॅनेजर-ऑडिटरची परीक्षा बघ. तीन पेपर मॅनेजरला, चौथा धरला की ऑडिटर. तुझे गिऱ्हाईक फाउंड्रीवाले, त्यांच्या बिलात सोलरपेक्षा इंडक्शन फर्नेस आणि कॉम्प्रेसर जास्त खातात. शेडवर चढणाऱ्या पोराला खालचं मशीनही कळायला लागलं तर मालक चहा स्वतः ओततो. प्रदर्शनात ऑडिट करणारे लोकही येतात, परीक्षा पास झालेला कोणी भेटला तर पुस्तकं कुठली वाचली ते विचारून घे. बीईईची स्वतःची चार पुस्तकं आहेत त्यातलंच विचारतात, क्लासवाल्यांच्या नादी लागू नकोस.

---

उद्यमबागचा_वायरवाला

काका, ताई, निपाणीकर, तिघांनाही धन्यवाद. डोक्यातला गाळ बराच खाली बसला. जायचं ठरवालोय. खरं अजून अडकलंय ते असं, मालकाला वाटणार की हा दुसरी नोकरी शोधायला गेला. आणि कार्ड कुठलं देऊ, कंपनीचं की माझं? कंपनीचं दिलं तर उद्या नोकरी सोडली की तो नंबर गेला, माझं छापलं तर हा धंदा सुरू करालाय म्हणतील. आणि ताई, विंडमध्ये यायचं असेल तर काय लागतंय? मला उंचीची भीती नाही, शेडवर रोज चढतोय.

---

पवनचक्कीवाली_गदग

शेड आणि टॉवर एक धरू नकोस, इथं हब, म्हणजे पाती जोडलेला मधला भाग, शंभर मीटरच्या आसपास असतंय, काही नव्या मशीनचं त्याच्याही वर. लिफ्ट बंद असली की शिडीनं जायचं आणि वर गेल्यावर काम सुरू, दमलो म्हणून बसायचं नाही. जीडब्ल्यूओ या विंड कंपन्यांच्या संघटनेचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग लागतंय, उंचीवरचं काम, फर्स्ट एड, आग, वजन उचलणं हे भाग असतात, सर्टिफिकेट 24 महिने चालतंय मग रिफ्रेशर. बऱ्याच ठिकाणी कंपनी घेतल्यावर स्वतः पाठवते, म्हणून स्वतःचे पैसे आधीच घालू नकोस, पहिलं विचार. फक्त विंडचंच बघायचं असेल तर चेन्नईचं विंडर्जी प्रदर्शन वेगळं आहे, सोलरच्या प्रदर्शनात विंडवाले थोडेच.

तुझ्यापेक्षा माझ्या टीममधल्या पोरींना हे जास्त सांगत असते, तुम्ही जा, जोडीनं जा, आणि स्टॉलवर कोणी तुमच्याबरोबरच्या पुरुषाकडं बघून उत्तर द्यायला लागला तर प्रश्न परत विचारा, मोठ्यानं. मी कुठल्यातरी हॉलमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल विचारत होते आणि समोरचा माझ्या ड्रायव्हरला समजावत होता. ड्रायव्हर बिचारा मान हलवत होता.

कार्ड स्वतःचं छाप. नाव, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बेळगाव, नंबर, आणि खाली एकच ओळ, औद्योगिक रूफटॉप, हेस्कॉम आणि महावितरण. कंपनीचं नाव नको, धंद्याचं नाव पण नको. मालकाला जाण्याआधी सांग की आपल्या अमुक साईटच्या ट्रिपचं उत्तर घेऊन येतोय, आणि आल्यावर खरंच ते उत्तर दे. आणि एक सांभाळ, गिऱ्हाईकाचं नाव, आपला रेट, कुठली टेंडर भरालोय हे तिथं बोलायचं नाही, समोरचा गोड बोलून काढून घेतोय. फोटोत कारखान्याचा बोर्ड दिसत असला तर कापून टाक.

---

निपाणी_ते_कागल

बरं, जातोयसच तर मोकळा येऊ नकोस. कॅटलॉग घेऊ नको, सगळे पीडीएफ मिळतात. इन्स्टॉलेशन मॅन्युअल मागून घे आणि वॉरंटीचा कागद. पॅनलवाल्याला विचार वॉरंटी क्लेमला फोटो बास की पॅनल उतरवून पाठवायचं, आणि पाठवायचा खर्च कुणाचा. 25 वर्षं 30 वर्षं जे मोठ्या अक्षरात असतंय ते आउटपुटचं असतंय, प्रॉडक्टची वॉरंटी वेगळी आणि कमी असते, ती बारीक अक्षरात. सबसिडीच्या कामाला डीसीआर, म्हणजे देशी सेलचं देशातच बनलेलं पॅनल लागतंय, तेव्हा कुठलं मॉडेल डीसीआर आणि एएलएमएमच्या, म्हणजे सरकारमान्य मॉडेलच्या यादीत आहे ते तोंडी नको, मॉडेल नंबरसकट घे. सेलसाठी दुसरी यादी 1 जून 2026 पासून लागू करायचं सरकारनं ठरवलेलं, त्याचा त्यांच्या मालावर आणि रेटवर काय परिणाम ते विचार, जो गडबडेल त्याच्याकडून माल घेऊ नको.

टॉपकॉन टॉपकॉन करून डोकं खातील, पॅनलच्या सेलचं ते नवं तंत्र. फरक आहे, खरं किती ते हिशोब करून जा. टॉपकॉनचा टेम्परेचर कोइफिशंट, म्हणजे पॅनल तापलं की वीज किती पडते ते, डिग्रीला साधारण 0.30 टक्के, जुन्या मोनो पर्क तंत्राचा 0.35. एप्रिलमध्ये पत्र्यावर पॅनल 65 डिग्रीला गेलं धर, म्हणजे टेस्टच्या 25 पेक्षा 40 जास्त, तर एकाचं 12 टक्के पडतंय, दुसऱ्याचं 14. दोन टक्क्याला किती पैसे जास्त द्यायचे ते तू ठरव. हा हिशोब स्टॉलवर तोंडी केलास की समोरचा पोपट थांबतोय आणि मग माणसासारखं बोलतोय.

---

कॅम्पातला_मेकॅनिकल

टेक्निकल तुमचं चालू दे, मी फक्त जायचं सांगतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बस, सकाळी यशवंतपूरला उतर, मॅजेस्टिकपर्यंत जाऊ नको. यशवंतपूरहून ग्रीन लाईन मेट्रो सरळ मादावरला जाते, 2024 पासून तिथपर्यंत झालीय, बीआयईसी त्याच्याजवळच. आधी नागसंद्रला उतरून रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडायला लागायचं. राहायचं असेल तर यशवंतपूर, जालहळ्ळीकडं बघ, प्रदर्शनाच्या जवळचे हॉटेलवाले त्या दिवसांत रेट चढवतात. बूट जुने घाल, हॉलमध्ये चालून चालून पायाचे तुकडे पडतात. पॉवर बँक ने. कुंदा नेणार असशील तर सर्व्हिसवाल्याला दे, मार्केटिंगवाल्याला नको.

---

खानापूरचं_रान

मला यायला जमणार नाही, भातलावणी नसली तरी घरची दुसरी कामं आहेत. खरं माझा एक प्रश्न घेऊन जा की कोणीतरी. आमच्याकडं जांबोटीच्या बाजूला एका शेतघराला सिस्टीम आहे, पाऊस सुरू झाला की सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट दाखवतोय, ऊन वर आलं की आपोआप सुरू होतोय. बसवणाऱ्यानं एकदा येऊन पुसून गेला, आता फोन उचलत नाही.

---

अथणीचा_टर्बाइन

ओलाव्यानं डीसी बाजूला कुठंतरी अर्थला गळतंय. पहिलं एमसी4 कनेक्टर, पॅनलच्या वायरी जोडणारे, ते बघा, एक मेकचा नर आणि दुसऱ्या मेकची मादी अशी जोडी लावलेली असली की वरून बसल्यासारखी वाटते खरं पाणी घेते. वायर पॅनलच्या मागं लोंबकळत पत्र्याला घासत असेल तर तिथंही बघा. ऊन असताना कनेक्टर ओढू नका हं, डीसीचा आर्क विझत नाही, आधी इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर बंद, आणि माहितगार माणूस बरोबर पाहिजे.

---

उद्यमबागचा_वायरवाला

खानापूरकर, हा प्रश्न मी नेतो, माझ्या फोल्डरला अजून एक चांगला फॉल्ट मिळाला. इन्व्हर्टरचं मॉडेल, स्क्रीनवरच्या कोडचा फोटो, कनेक्टरवर कोरलेलं मेक दोन्ही बाजूचं दिसेल असा फोटो, आणि एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडलेल्या ओळीत पॅनल किती ते पाठवा. जांबोटीला रविवारी येतोच आहे एका कामाला, जमलं तर मेगर, इन्सुलेशन मोजायचं मीटर, घेऊन डोकावतो, मग तिथं विचारताना हातात रीडिंग पण असेल.